पट्टी उतरली, तारा सैलावल्या: एका बास गिटारच्या सेटअपचे प्रकरण

पार्श्वभूमी

चार जणांचा बँड. गायक बदलला आणि नव्या गायिकेचा आवाज जुन्या गायकापेक्षा खालच्या पट्टीत खुलत होता. सगळी गाणी दोन अर्धस्वर खाली घ्यायचे ठरले. गिटारवाल्याने आपली गिटार उतरवली, बासवादिकेनेही तेच केले. ई-ए-डी-जी या नेहमीच्या स्वरांऐवजी तिचा बास आता डी-जी-सी-एफमध्ये लागत होता. बोटांची जागा तीच, आकार तेच, नवे काही शिकायला नको. तीन आठवड्यांनी चौदा गाण्यांचे रेकॉर्डिंग होते.

वाद्य चार तारांचे, ३४ इंच स्केलचे, म्हणजे मोकळ्या तारेची कंप पावणारी लांबी तेवढी. नेक (डाव्या हाताखालची दांडी) स्क्रूने बसवलेली, तिच्यावर फ्रेट (स्वरांच्या जागा ठरवणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्या) वीस, फिंगरबोर्डची गोलाई साडेनऊ इंची, दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांचे कंपन टिपणारे चुंबक). तारा निकेलचा मुलामा दिलेल्या राउंडवाउंड (गाभ्यावर गोल तार गुंडाळलेल्या), ४५-६५-८५-१०५ चा संच, वर्षभर वाजलेल्या. हे आकडे तारेची जाडी इंचाच्या हजारांशात सांगतात. वादिका बोटांनी वाजवते, हात जड आहे आणि तो तिच्या वादनाचाच भाग आहे. मी सेटअपची, म्हणजे वाद्याच्या तारा, त्यांची उंची आणि सूर बसवून देण्याची कामे करतो. तिचा बास यापूर्वी माझ्या हाताखालून गेला नव्हता.

अडचण

पट्टी उतरवल्यावर दोनच दिवसांत तारा फ्रेटवर झणझणू लागल्या. तंबोऱ्याला जवारी हवी असते. बासवर ती आली की स्वराचा पायाच हलतो. तिने कुणीही करेल तो उपाय केला, ब्रिजवरचे (तारा वाद्याच्या अंगाला जिथे बांधतात तिथले) सॅडल, म्हणजे तारांचे टेकू, उचलले. झणझण थांबली, पण आता तारा बोटांपासून फार उंच गेल्या. तासाभराच्या तालमीनंतर डावा हात दुखायचा आणि बाराव्या फ्रेटच्या पुढे स्वर चढे लागायचे. शिवाय सर्वांत जाड तार जोरात छेडली की स्वर क्षणभर वर उडायचा आणि मग खाली येऊन बसायचा. ड्रमवाल्याला वाटायचे, ही घाई करतेय. घाई नव्हतीच. स्वराची सुरुवातच चुकीच्या जागी होत होती.

ती आली तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "दादा, तारा संपल्यात की माझा हात बिघडलाय?" जाड तारांचा एक संच तिने निवडूनही ठेवला होता, फक्त घ्यायचा बाकी होता.

आधी मोजमाप

मी तिला म्हटले, "थांब, आधी मोजू या."

पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला, जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबली आणि आठव्या फ्रेटवर तारेखालची फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) पाहिली. बोटांनी जड वाजवणाऱ्या हाताला अशा नेकवर साधारण ०.३ मिलिमीटरचा बाक हवा. इथे ०.०५ ची पट्टीही जेमतेम जात होती, म्हणजे नेक जवळजवळ सरळ झाली होती. सतराव्या फ्रेटवर तारांची उंची मोजली, जाड तारेला ३.६ आणि बारीक तारेला ३.२ मिलिमीटर. एवढ्या उंचीवर हात दुखणारच.

यातून कारण उलगडले. नेकमध्ये दोन ओढी एकमेकींविरुद्ध चाललेल्या असतात. तारा तिला पुढे वाकवतात, आतला ट्रस रॉड, म्हणजे धातूची सळई, मागे खेचतो. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. सर्वांत जाड ई तार ४१.२ हर्ट्झवरून ३६.७ वर आणली की स्वर कानाला थोडाच उतरतो, पण ताण जवळपास २१ टक्के घटतो. चारही तारांचे तसेच. ट्रस रॉड मात्र पूर्वीइतकाच खेचत राहिला, नेक सरळ झाली आणि पहिल्या पाच फ्रेटांवर तारा घासू लागल्या.

झणझण कुठे होते, हे विचारायला हवे ते यासाठीच. फक्त मोकळी तार झणझणत असेल तर नट, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी, पाहावा. पहिल्या चार-पाच फ्रेटांवर झणझणत असेल तर आधी नेकचा बाक. बाराव्याच्या पुढे असेल तर तारांची उंची, एखादा उठलेला फ्रेट किंवा नेकच्या टोकाशी आलेला उठाव. तिची झणझण दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटवर होती. सॅडल उचलून ती थांबते खरी, पण सॅडलपाशी उंची बरीच वाढवावी तेव्हा दुसऱ्या फ्रेटपाशी केसाएवढा फरक पडतो, आणि त्याची सगळी किंमत वरच्या फ्रेटांवर मोजावी लागते.

पहिला निर्णय: तारा न बदलता काय सुटते ते पाहणे

या संपूर्ण कामातला मला सर्वांत योग्य वाटणारा निर्णय हाच. आहे त्याच तारा ठेवल्या, ट्रस रॉड पाव फेरा सैल केला आणि तासभर थांबलो. बाक ०.३ वर आला. मग सॅडल खाली घेतले, जाड तारेला २.६ आणि बारीक तारेला २.२. झणझण जवळजवळ गेली, हातही सुटला.

जाड तारेचा स्वर मात्र जोरात छेडल्यावर अजूनही उडत होता. म्हणजे तिच्या तक्रारीत दोन वेगळे दोष मिसळले होते. झणझण नेकची होती, उडणारा स्वर सैल तारेचा होता. सरळ नवा संच चढवला असता तर दोन्ही एकदम बदलले असते आणि कशामुळे काय सुटले ते दोघांनाही कळले नसते. पाव फेऱ्याला काही खर्च नाही आणि तो परत फिरवता येतो.

पर्याय

पाच तारांचा बास हा पहिला पर्याय. खाली हवे तेवढे स्वर मिळतात आणि ताणही शाबूत राहतो. पण तीन आठवड्यांत नव्या रुंदीच्या नेकवर हात बसवणे तिला धोक्याचे वाटले. मलाही.

दुसरा पर्याय म्हणजे बास पुन्हा नेहमीच्या सुरात आणायचा, फक्त जाड तार ईवरून डीवर उतरवायची आणि गाणी नव्या पट्टीत नव्याने बसवायची. तीन तारांचा ताण जागेवर राहिला असता. "चौदा गाण्यांचे आकार बदलावे लागतील," ती म्हणाली, आणि आम्ही दोन मिनिटांत हा पर्याय बाजूला ठेवला. त्याबद्दल पुढे लिहितो.

तिसरा, जाड राउंडवाउंड. इथे थोडे गणित करावे लागते. गमावलेला ताण परत मिळवायचा तर तारेचे दर लांबीमागचे वजन सुमारे २६ टक्के वाढवायला हवे. वजन ढोबळमानाने जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून जाडी सुमारे १२ टक्के वाढवायला हवी. ४५ ची ५०, ६५ ची ७३, ८५ ची ९५ आणि १०५ ची ११८. आता सहज मिळणारा ५०-११० चा संच या हिशेबात बसवून पाहा. बारीक तार जवळपास पूर्ण ताणावर येते, जाड तार मात्र ८७ टक्क्यांवरच राहते. जाड म्हणून विकले जाणारे बरेचसे संच वरच्या तारा भराभर जाड करतात आणि खालच्या तारेला हात आखडता घेतात. पट्टी उतरवणाऱ्याची गरज नेमकी उलटी असते. वेष्टनावर मोठ्या अक्षरात पहिली आणि शेवटची जाडी छापलेली असते. तेवढ्यावर न जाता चारही आकडे पाहावेत आणि उत्पादक ताणाचे आकडे देत असेल तर तेच पाहावेत.

चौथा पर्याय फ्लॅटवाउंडचा. राउंडवाउंडवर गोल वेटोळे असतात. त्यांच्या खाचांतून बोट सरकताना करकर ऐकू येते आणि स्वराला चमक मिळते. फ्लॅटवाउंडवर चपटी पट्टी गुंडाळलेली असते. पृष्ठभाग गुळगुळीत, स्वर गोल, भरीव आणि थोडा आखूड, म्हणजे लवकर विरणारा. वेटोळ्यांत पोकळी कमी राहत असल्याने त्याच जाडीची फ्लॅट तार बहुधा जास्त वजनाची आणि हाताला ताठ लागते. तिच्या मनात फ्लॅट म्हणजे जुन्या काळचा आवाज. ते खरे आहे. गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरचा प्रिसिजन बास १९५१ मध्ये आला तेव्हा फ्लॅटच रूढ होत्या आणि राउंडवाउंड बासवर रुळल्या १९६० च्या दशकात. पण मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या ध्वनिमुद्रणांतला जेम्स जेमरसनचा बास लक्ष देऊन ऐकला की पटते, जाड फ्लॅट तारांवर वाजवलेला तो बास आजच्या कुठल्याही गाण्याखाली ठाम उभा राहील.

या बँडच्या गाण्यांत जागा भरपूर होती. संथ गती, गायिकेचा आवाज पुढे, बासने खाली पाट मांडून बसायचे. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तिच्या बोटांची करकर दोन गाण्यांत स्पष्ट ऐकू येत होती आणि ती तिला खुपत होती.

निर्णय

आम्ही ५२-७३-९५-११० चा फ्लॅटवाउंड संच घेतला. वरच्या हिशेबात पहिल्या तीन तारा मूळ ताणाच्या आसपास येत होत्या, जाड तार कागदावर थोडी कमी. तिथे फ्लॅटचे जास्तीचे वजन थोडी भर घालेल, असा माझा अंदाज होता. तो अर्धाच खरा ठरला.

काय केले

तारा एकेक करून बदलल्या. फ्लॅट तार चढवताना पीळ पडू द्यायचा नाही, तिच्या गुळगुळीत बाजूला पीळ फार बाधतो. खुंटीच्या पुढे दोन-तीन फेऱ्यांपुरती लांबी मोजली, तार आधी काटकोनात वाकवली आणि मग कापली. न वाकवता कापली तर आतल्या गाभ्यावरचे वेटोळे सुटू शकते. फेरे वरून खाली उतरत गेले पाहिजेत, म्हणजे नटवरून तार नीट कोनात खाली जाते. टोकाचा रेशमी धागा गुंडाळलेला भाग नटवर येत नाही हेही पाहिले.

नटवर मी चूक केली. ४५ च्या खाचेत ५२ ची तार बसत नाही. फरक ०.१८ मिलिमीटरचाच असतो, पण तार खाचेच्या तोंडावर अडकते, उंच राहते आणि सूर मिळवताना टक् आवाज करत उडी मारते. खाचा रुंद करणे भाग होते. तीन खाचा नीट झाल्या. ९५ च्या तारेच्या खाचेत मी कानस तळाला टेकू दिली आणि खाच खोल गेली. ती मोकळी तार पहिल्या फ्रेटवर वाजू लागली. हाडाचा बारीक चुरा खाचेत भरून त्यावर सुपर ग्लूचा थेंब सोडला, सुकू दिले आणि पुन्हा कोरले. दुरुस्ती टिकली आहे. पण वाद्य तिचे होते, रेकॉर्डिंग जवळ आले होते, आणि परत न फिरणारे हे एकच काम मी सर्वांत कमी वेळ देऊन केले. तिला त्याच दिवशी सांगितले.

सूर मिळवल्यावर प्रत्येक तार सॅडलपाशी आणि नटपाशी बोटाने हलकेच दाबली. ताठ तार टेकूवरून सुटताना कमानीसारखी वळते. दाबल्यावर ती सरळ रेषेत निघते आणि सूर स्थिरावतो. वाद्य रात्रभर तसेच ठेवले.

सकाळी बाक ०.५५ होता. ट्रस रॉड दोन वेळा अष्टमांश फेरा घट्ट केला, दरवेळी तारा थोड्या उतरवून आणि मधे थांबून. बाक पुन्हा ०.३. तेव्हा ट्रस रॉडच्या फिरवायच्या टोकावरची माझी पेन्सिलची खूण पाहिली. पहिल्या दिवशी सैल केलेला पाव फेरा परत आला होता आणि खूण खुणेला लागली होती. खालच्या पट्टीत, नव्या तारांनिशी, नेकवरचा एकूण भार पट्टी उतरवण्याआधी होता जवळपास तेवढाच झाला होता. कागदावरचा हिशेब लाकडाने मान्य केलेला पाहून झालेला आनंद मी अजून विसरलेलो नाही.

उंची जाड तारेला २.४, बारीक तारेला २.० अशी लावली. तिने दणकून वाजवले तेव्हा जाड तार घासली, म्हणून तिथे २.६ केले. सेटअप नेहमी वाजवणाऱ्याच्या हाताने तपासावा. माझा हात हलका आहे आणि माझ्या हाताला २.४ उत्तम वाटत होते.

मग सूरशुद्धी. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता हलकेच स्पर्शून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर जुळवला. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. तीन तारा सहज जुळल्या. जाड, ताठ तारेला जास्त लांबी लागते. तिचे सॅडल मागे नेता नेता स्प्रिंग पूर्ण दबली. स्प्रिंग काढून छोटी कापून बसवली, आणखी दोन मिलिमीटर जागा मिळाली. तरी बाराव्या फ्रेटवर स्वर तीन-चार सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढा राहिला. ती त्या तारेवर सातव्या फ्रेटपुढे क्वचितच जाते, म्हणून तिथे थांबलो.

शेवटी पिकअप. बारीक तारेचा आवाज आता इतरांपेक्षा पुढे येत होता, म्हणून त्या बाजूने पिकअप थोडे खाली घेतले. जाड बाजूला फार जवळ न्यायचा मोह टाळला. चुंबक तारेला ओढू लागला की स्वर थरथरतो आणि सूरशुद्धीची सगळी मेहनत वाया जाते.

मधेच उठलेली एक शंका

दोन दिवसांनी तिचा फोन आला. "सर्वांत बारीक तार सहाव्या फ्रेटवर लगेच मरते. तार खराब आली का?" बदलून घ्यायचेही तिने ठरवले होते. मी तिला सांगितले, हेडस्टॉक (नेकचे खुंट्यांचे टोक) भिंतीला किंवा दाराच्या चौकटीला घट्ट टेकव आणि तोच स्वर वाजव. स्वर लांबला. स्क्रूने बसवलेल्या नेकच्या बासवर या तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास अशी जागा बऱ्याचदा सापडते. नेक त्याच स्वराला डोलते आणि तारेची ऊर्जा पिऊन टाकते. फ्लॅट तारांचा स्वर मुळात आखूड, त्यामुळे ही जागा आता जास्त जाणवू लागली. की आधीपासून तेवढीच होती? सांगता येत नाही, कारण जुन्या तारा असताना मी प्रत्येक फ्रेट वाजवून नोंद केली नव्हती. हेडस्टॉकला छोटा क्लॅम्प लावून ती जागा अर्ध्या फ्रेटने सरकली. तिने क्लॅम्प काढला आणि तो स्वर शेजारच्या तारेवर घ्यायला सुरुवात केली.

निकाल

रेकॉर्डिंग वेळेवर झाले. करकर गेली, झणझण गेली, डाव्या हाताची तक्रार राहिली नाही. स्वर उडण्याचे प्रमाण पुष्कळ कमी झाले, पण सर्वांत जाड तारेवर जोरकस जागी ते अजून कानावर येते.

एक गोष्ट आम्हा दोघांच्याही हिशेबात नव्हती. खोलीतल्या स्पीकरवर सुंदर वाटणारा बास फोनवर ऐकताना दिसेनासा झाला. खालचा डी ३६.७ हर्ट्झचा, आणि फोनचा छोटा स्पीकर तिथपर्यंत पोहोचतच नाही. तिथे आपला कान वरच्या उपस्वरांवरून मूळ स्वर ओळखतो. राउंडवाउंडमध्ये ते उपस्वर भरपूर असतात, फ्लॅटमध्ये कमी. मिक्समध्ये बासला हलके ओव्हरड्राइव्ह, म्हणजे उपस्वर वाढवणारा किंचित फाटलेपणा, देऊन बारा गाणी सावरली. उरलेली दोन जलद आणि पिकने (तार छेडायच्या पातीने) वाजवायची होती. ती तिने मित्राच्या राउंडवाउंड लावलेल्या बासवर पुन्हा वाजवली.

दोन महिन्यांनी पुन्हा मोजले. बाक ०.३५, उंची तीच. ट्रस रॉडला हात लावला नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, गाणी मोजायला हवी होती. रेकॉर्डिंगनंतर आम्ही सहज चौदा गाण्यांचे बास ऐकत बसलो आणि लक्षात आले की ईच्या खाली जाणारी गाणी पाचच आहेत. उरलेली नऊ नेहमीच्या सुरात, फक्त जागा दोन फ्रेट खाली सरकवून वाजली असती, जिथे मोकळी तार येते तिथे थोडा फेर करून. म्हणजे फक्त जाड तार उतरवायचा जो पर्याय आम्ही दोन मिनिटांत सोडला, त्यात चौदा गाण्यांचे काम नव्हतेच. फ्लॅट तारा तिने तरीही घेतल्या असत्या, असे ती म्हणते. पण तेव्हा ते आवाजासाठी केलेले स्वतंत्र काम झाले असते, ताणाच्या अडचणीला जोडलेले नाही. कदाचित ४५-१०५ च्या फ्लॅट पुरल्या असत्या आणि नटला कानस लागलीच नसती.

नटचेही तेच. जुना नट जपून ठेवून दुसरा नव्याने कोरणे, याला एक दिवस जास्त लागला असता. तिला हलक्या तारांवर परत जायचे झाले तर आता रुंद खाचांत त्या सैल बसतील आणि नवा नट तेव्हाही लागेलच.

फोनवरची चाचणी तारा चढवल्याच्या दुसऱ्या दिवशी करता आली असती. तालमीत एक गाणे रेकॉर्ड करून छोट्या स्पीकरवर ऐकले असते, तर हाफ राउंड तारांचा विचार तरी झाला असता. त्यांचे वेटोळे वरून घासून सपाट केलेले असते आणि चमक दोन्हींच्या मधली असते.

जाड तारेचा प्रश्न अजून उघडा आहे. ११० च्या जागी ११५ किंवा १२० ची सुटी फ्लॅट तार लावून पाहायचे आम्ही ठरवले आहे. त्या सॅडलला मागे सरकायला आता जागा नाही, म्हणून तार मागवण्याआधी ब्रिजवरची उरलेली लांबी मोजून तिच्या वाद्याच्या चिठ्ठीवर लिहून ठेवली आहे.